चाळीस लिफ्टा ऐकणारा ठोकळा

मी एक जुना मोबाइल आहे. इतका जुना, की माझ्या मापाची काच आता कोणत्याच दुकानात मिळत नाही. माझ्या पाठीला काळी चिकटपट्टी लावलेली आहे, डाव्या कोपऱ्याला तडा आहे आणि चार्जिंगची वायर ठरावीक कोनात वाकवून धरली नाही, तर माझ्या पोटात काही जात नाही. घरातले मला ‘ठोकळा’ म्हणतात. आधी फार राग यायचा. पण मित्रांनो, ज्यांनी मला हे नाव ठेवलं, त्यांनीच मला नऊ वर्षं सांभाळलं. तेव्हा आता या नावाने हाक आली की मीही निमूटपणे ओ देतो.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या कितीतरी हातांनी मला थोडं थोडं जोडलं. टेबलाच्या शेवटी बसलेल्या बाईने मला कानाशी धरलं, दोनदा ‘हॅलो’ म्हटलं, मान डोलावली आणि खोक्यात घातलं. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

दुकानात मला काचेच्या कपाटात ठेवलं होतं. माझ्या एका बाजूला सडपातळ, दुसऱ्या बाजूला चकचकीत, आणि मधे मी, जाडजूड. येणारी गिऱ्हाइकं शेजाऱ्यांना हातात घेऊन बघायची. माझ्यावर फक्त धूळ बसायची. एके दिवशी पांढऱ्या केसांचे एक काका आले. त्यांच्या नखांत काळं ग्रीस होतं. त्यांनी फोटो कसे येतात हे विचारलं नाही, रंगही विचारला नाही. त्यांनी एकच प्रश्न केला, “याचा आवाज मोठा आहे का?”

दुकानदार म्हणाला, “काका, हा बोलला की शेजारच्यांनाही फोन घेतल्यासारखं वाटेल.”

आणि मी काकांच्या खिशात गेलो.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. तुम्ही बटण दाबता, दार उघडतं, तुम्ही वर जाता. पण गच्चीच्याही वर एक छोटी खोली असते. तिथे मोटर असते, मोठं चाक असतं, चाकावरून दोर जातात, आणि या सगळ्यांची देखभाल करायला महिन्यातून एकदा कोणीतरी जिने चढून तिथे येतं. काकांनी पस्तीस वर्षं ते केलं. त्यांची एक खास पद्धत होती. लांब पेचकसाचं टोक ते मोटरच्या अंगावर टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायचे. आतलं बेअरिंग, म्हणजे ज्या गोळ्यांवर सगळं फिरतं ते, दुखायला लागलंय की नाही, हे त्यांना त्यातून ऐकू यायचं. लोक म्हणायचे, डॉक्टरला जे छातीवर कळत नाही ते यांना लोखंडावर कळतं.

पण ज्या आवाजांनी त्यांचं पोट भरलं, त्यांनीच त्यांचे कान खाल्ले. मला घेतलं तेव्हाच त्यांना कमी ऐकू येत होतं, म्हणून तर तो प्रश्न. दोन वर्षांत माझा आवाज शेवटच्या टोकाला नेला तरी त्यांना पुरेना. मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो आणि ते विचारायचे, “कोण बोलतंय?” शेवटी त्यांनी काम सोडलं आणि मला मुलीच्या हातात दिलं.

ही मुलगी म्हणजे माझी खरी मालकीण. ती बापाच्याच कामात शिरली. वस्तीत तिला सगळे ‘लिफ्टवाली’ म्हणतात, आणि मीही तेच म्हणतो, कारण त्या नावात तिला कमीपणा वाटत नाही.

नवी होती तेव्हा तिला आवाजातला फरक नीट कळत नसे. मोटर घुर्र करतेय, पण हे घुर्र चांगलं की वाईट? विचारायचं कुणाला? बाबा घरी, मोटर गच्चीवर. मग तिने एक युक्ती काढली. मोटरच्या बैठकीवर तिने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला. त्या ठिपक्यावर मला उताणं ठेवलं, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि लिफ्ट एकदा वर, एकदा खाली नेली. संध्याकाळी घरी येऊन ते बाबांपुढे ठेवलं.

बाबांना ऐकू थोडंच येणार? पण त्यांनी मला हातात घेतलं, माझ्या पाठीवर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मी वाजत होतो, थरथरत होतो, आणि ती थरथर ते बोटांनी वाचत होते. पडद्यावर आवाजाच्या रेघा उमटत होत्या, त्याही त्यांनी चष्मा लावून पाहिल्या. मग म्हणाले, “बेअरिंग ठणठणीत आहे. पण एक दोर सैल आहे. उद्या जाऊन बघ.”

दुसऱ्या दिवशी तिने बघितलं. एक दोर सैल होता.

त्या दिवसापासून आमचा नेमच झाला. तिच्याकडे चाळीस लिफ्टा होत्या. चाळीस ठिकाणी चाळीस पांढरे ठिपके पडले. दर महिन्याला प्रत्येक लिफ्टचा आवाज माझ्या पोटात जमा व्हायचा आणि महिनाअखेरच्या रविवारी बाप-लेक मला मधे ठेवून बसायचे. ती त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत माझ्यावर लिहायची, ‘ही बाजाराजवळची’, ‘ही दवाखान्यातली’. आणि बाबांची बोटं माझ्या पाठीवर यायची. काम सोडून घरी बसलेला माणूस किती लवकर वाळतो, हे तुम्ही पाहिलं असेल. हे काका वाळले नाहीत. त्यात माझाही खारीचा वाटा आहे, असं मी मानतो.

आवाज ऐकणं हे माझं मोठं काम, पण हरकाम्या म्हणून मी आणखी काय काय केलं ते विचारू नका. अंधाऱ्या खोलीत मी दिवा झालो. नव्या पत्त्यावर वाटाड्या झालो. जिन्यात बसून डबा खाताना तिने माझ्यावर मुलीचं शाळेतलं गाणं पाहिलं. नवरा पार्सलची गाडी चालवतो. तो कोणत्या रस्त्यावर आहे आणि ती कोणत्या गच्चीवर, हे दोघांना माझ्याचकडून कळायचं. दोघंही दिवसभर फिरतीवर, तेव्हा त्यांचा निम्मा संसार माझ्यातच झाला म्हणायला हरकत नाही. भाजी कोण आणणार यावरून झालेली भांडणं माझ्याकडे अजून लेखी आहेत.

आणि लिफ्टमध्ये कोणी अडकलं, की फोन मलाच यायचा.

असाच एकदा गणिताच्या बाईंचा आला. बाई एका सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतात, एकट्या. शाळेत गणित शिकवतात. लहानपणापासून पायांत बळ नाही, म्हणून चाकाच्या खुर्चीवर असतात. त्या चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे अडकल्या होत्या. लिफ्टवालीला पोहोचायला पाऊण तास लागणार होता. घाबरू नका म्हणून ती बोलत राहिली. बाई म्हणाल्या, “मी घाबरलेली नाही. माझा दुसरा तास बुडतोय, त्याचं बोल.” मग पाऊण तास दोघी बोलल्या. लिफ्टवालीला शाळेत शेकडेवारी कधीच जमली नव्हती, ती बाईंनी फोनवर तिच्या डोक्यात घातली. तेव्हापासून त्या इमारतीत गेली की ती सहाव्या मजल्यावर डोकावून यायची. बाई चहा द्यायच्या आणि एक गणितही घालायच्या.

अशी आमची सहा वर्षं गेली. मग पाटी आली.

तिचं खरं नाव टॅबलेट. पाटी हे नाव बाबांनी ठेवलं, आणि ते तिला शोभतं. कंपनीने प्रत्येक मेकॅनिकला एक एक दिली. आता लिफ्टमध्येच बारीक यंत्रं बसवली होती. दार नीट लागतंय का, लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला थांबतेय का, दिवसात किती फेऱ्या झाल्या, हे सगळं ती यंत्रं पाटीला कळवायची. सगळं ठीक असलं की पाटीवर हिरवा चौकोन, बिघाड असला की लाल. कोणत्या इमारतीत आधी जायचं तेही पाटी ठरवायची. एका लिफ्टला पंचवीस मिनिटं. सव्विसावं लागलं की चौकोन पिवळा. महिन्यात फार पिवळे झाले की साहेबांचा फोन.

मी पाटीची निंदा करणार नाही. माझा जळफळाट झाला, हे मात्र कबूल करतो. तिच्यामुळे कितीतरी बिघाड आधी कळले, उगाचचे हेलपाटे वाचले, हे खरंच आहे. पण पंचवीस मिनिटांत पेचकसही आणि माझं रेकॉर्डिंगही कसं बसणार? लिफ्टवालीने पूर्वी दोन गोष्टी केल्या असत्या. आधी बाबांसारखा पेचकस कानाला लावला असता, मग मला ठिपक्यावर ठेवलं असतं. आता तिने पेचकस सोडला आणि मला ठेवलं. ‘ठोकळा ऐकतोय ना, तेवढं पुरे,’ असं तिने स्वतःची समजूत घालत एकदा म्हटलंही. मला त्याचा अभिमान वाटला. मित्रांनो, इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली. ज्याच्या भरवशावर कोणी कान काढून घेतलाय, त्याने इतकं फुशारायचं नसतं.

एके दिवशी घाईघाईत जिना उतरताना मी तिच्या खिशातून निसटलो आणि आठ पायऱ्या गडगडलो. कोपऱ्याला तडा गेला. तिचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी नवऱ्याने येताना माझ्यासाठी एक जाड रबरी कव्हर आणलं.

“घे. आता गच्चीवरून टाकलास तरी फुटणार नाही,” तो म्हणाला.

“तुझ्यापेक्षा त्याची काळजी जास्त घेते म्हणून आणलंस ना?” ती हसत म्हणाली.

“मग? तो तुझ्याबरोबर माझ्यापेक्षा जास्त असतो.”

मला ते कव्हर घातलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी नवा कपडा आणला होता. मी हरखून गेलो. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्याच ठिपक्यावर उताणा पडलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला नीट काही ऐकूच येत नाहीये. मोटरची थरथर रबरात शिरत होती आणि तिथेच विरत होती. कानात कापूस कोंबून कीर्तनाला बसावं, तशी माझी गत झाली.

मला सांगता येत नव्हतं. एरवी मी किती बडबडा! बॅटरी कमी झाली की सांगतो, जागा कमी पडली की सांगतो. पण ‘मला ऐकू येत नाहीये’ हे सांगायची सोय मला बनवणाऱ्यांनी ठेवलीच नव्हती.

त्या महिन्यात सहा मजले चढून, सातवा ओलांडून आम्ही बाईंच्या इमारतीच्या मशीन खोलीत गेलो. मागच्या महिन्यात तिथल्या आवाजात एक बारीक ‘टक’ होती. फार बारीक. तिने माझ्यावर टीप करून ठेवली होती, ‘पुढच्या खेपेला पुन्हा ऐकणे.’ तिने मला ठिपक्यावर ठेवलं. रेकॉर्डिंग केलं. तिथेच उभं राहून वाजवलं. टक नव्हती. तिने पाटीकडे पाहिलं. हिरवा चौकोन. तिने सुटकेचा श्वास सोडला, ‘यंत्र ठीक’ असं लिहिलं आणि खाली बोटाने सही केली. चोवीस मिनिटं झाली होती.

टक तिथेच होती, मित्रांनो. उलट वाढली होती. मी मोटरच्या अंगावर पडलो होतो आणि मला ती धड ऐकू आली नव्हती.

महिना संपला. रविवारी बाप-लेक बसले. बाबांनी मला हातात घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“हा कोट कुणी घातला याला?” असं म्हणून त्यांनी कव्हर ओढून काढलं. त्यांच्या बोटांना रबर नको होतं, एवढंच. मग माझ्या उघड्या पाठीवर त्यांची तीन बोटं आली. पहिली लिफ्ट. दुसरी. तिसरी. दहावीपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी मागच्या महिन्याची तीच दहा मागितली. परत या महिन्याची. परत मागची.

“पोरी, या दहाही लिफ्टांचा आवाज मऊ झालाय,” ते म्हणाले. “पुढच्या लाव.”

तिने चाळीसही लावल्या. चाळीसही मऊ.

“पस्तीस वर्षांत माझी एक लिफ्ट आपणहून सुधारली नाही,” बाबा म्हणाले. “तुझ्या चाळीसच्या चाळीस एकाच महिन्यात सुधारल्या? असं कधी होतं का?”

तिने माझ्यावर लिहिलं, ‘मग काय झालं असेल?’

बाबांनी बाजूला पडलेलं कव्हर उचललं, दोन बोटांत दाबून पाहिलं आणि तिच्या हातात ठेवलं. “लिफ्टा नाही बदलल्या. ऐकणारा बदलला.”

तिला समजायला वेळ लागला नाही. तिला बाकी एकोणचाळीस आठवल्या नाहीत. तिला बाईंची लिफ्ट आठवली, आणि तिच्या नोंदीखाली केलेली स्वतःची सही.

सोमवारी पाटीने तिला बाजाराकडे जायला सांगितलं. ती बाईंच्या इमारतीकडे गेली. पाटी कुरकुर करत राहिली, तिने ती पिशवीत घातली. मशीन खोलीत पोहोचल्यावर तिने मला बाहेर काढलं, पण ठिपक्यावर ठेवलं नाही. आधी लांब पेचकस काढला, टोक मोटरवर टेकवलं, मूठ कानाशी धरली. मग मला ठेवलं, उघड्या पाठीने. टक, टक, टक. आता ती लपून राहण्यासारखी नव्हतीच.

तिने मुख्य बटण खाली ओढलं, त्याला कुलूप घातलं आणि तळमजल्यावर पाटी लावली. ही खरी पाटी, पुठ्ठ्याची. ‘लिफ्ट बंद आहे.’ मग साहेबांना फोन लावला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही वरून कोणीतरी हिरवे-लाल चौकोन बघत बसलेलं असणार. ते म्हणाले, “ताई, माझ्यासमोर पडदा आहे. तुमची लिफ्ट हिरवी आहे. बंद का केलीत?”

“बेअरिंग निकामी होत चाललंय, साहेब. आवाज येतोय.”

“मागच्याच आठवड्यात तुम्ही ‘यंत्र ठीक’ म्हणून सही केलीय. तेव्हा ठीक होतं, आज बंद करण्याइतकं वाईट? मी वर काय सांगू?”

माझ्या काचेला तिचा गाल टेकलेला होता. तो तापलेला मला कळत होता. ती म्हणू शकली असती, की आवाज कालच सुरू झाला. कोण विचारणार होतं? आवाजाचा पुरावा फक्त माझ्याकडे होता, आणि मी तिचाच.

“तेव्हाही ठीक नव्हतं,” ती म्हणाली. “मी चुकीची सही केली. मी स्वतः कान लावला नाही. फोनवर विसंबले, आणि फोनला जाड कव्हर होतं. चूक माझी आहे.”

साहेब म्हणाले, “हे तुम्ही तोंडी सांगितलंत. मी ऐकलं नाही असं समजतो. लिफ्ट सुरू करा, पुढच्या महिन्यात माणूस पाठवून बघून घेऊ. हे लेखी आलं, तर माझ्या हातात काही राहत नाही. तुमचं फिरतीचं काम जाऊ शकतं.”

“लेखी आल्याशिवाय मशीन उघडायची परवानगी मिळेल का?”

“नाही.”

“मग लेखी पाठवते.”

तिने जिन्यावर बसून ते लिहिलं. लहानपणापासून तिला लिहिण्याचा कंटाळा, पण त्या दिवशी एकही शब्द खोडला नाही. आधीच्या महिन्याचं, कव्हरमधलं आणि आजचं, अशी तिन्ही रेकॉर्डिंग तिने जोडली. हातातली रोजीरोटी ती एका बटणाने साहेबांकडे पाठवत होती. तिचं बोट क्षणभर माझ्यावर थांबलं, मग दाबलं गेलं. मला पाठवायचं नव्हतं, खरं सांगतो. पण बोट तिचं होतं.

आता इमारतीतले लोक. सात मजल्यांच्या लोकांना जिना चढायला लागला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एकाने तर तिला सुनावलं, “यंत्र सांगतंय ठीक आहे, आणि ही कान लावून सांगते बिघडलंय!” ती सगळ्यांचं ऐकून घेत होती. तिला भीती एकाच दाराची होती.

सहाव्या मजल्यावर बाईंनी दार उघडलं. त्या आत ये म्हणाल्या नाहीत.

“किती दिवस?”

“बेअरिंग मागवावं लागेल. आठवडा तरी.”

“माझ्या दहावीच्या मुलांची परीक्षा अकरा दिवसांवर आहे. वर्षभर मी एक दिवस रजा घेतली नाही.” बाईंचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. “सगळ्यांना जिना आहे. मला नाही. तुझ्या शंकेपायी मी घरात कोंडून बसायचं?”

“शंका नाही, बाई. खात्री आहे.”

“मग आधी का नाही झाली?”

लिफ्टवालीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिथेच राहिलं. साहेबांना लिहिणं सोपं गेलं, बाईंच्या डोळ्यांत बघून बोलणं जमलं नाही. “काम झालं की सांगते,” एवढं म्हणून ती जिना उतरली. त्या दिवशी तिने स्वतःला ‘भित्री’ म्हटलेलं मी ऐकलं.

पण मनात लाज आणि हातात काम, असं तिचं त्या आठवड्यात चाललं. पाटीचा दिवसभराचा क्रम तर पाळायचाच, आणि त्याखेरीज सकाळी दोन तास आधी निघून बाकीच्या एकोणचाळीस लिफ्टा पुन्हा ऐकायच्या. आधी स्वतःचा कान, मग मी. माझी बॅटरी दुपारीच मान टाकायची. तिचीही टाकत असणार, पण तिला चार्जिंगला कोण लावणार? तिकडे बाईही हात बांधून बसल्या नव्हत्या. त्यांनी स्वतःचा फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवला आणि घरातूनच वर्ग सुरू केला. त्या कागदावर गणित सोडवायच्या, तिकडे वर्गात भिंतीवर ते दिसायचं. त्यांच्या फोनने मन लावून काम केलं असणार. आमची जात बदनाम असली तरी कामचुकार नाही.

चौथ्या दिवशी कंपनीचा मोठा मेकॅनिक आला. साहेबही आले. मशीन उघडलं. लिफ्टवालीने मला दिवा करून धरलं होतं, म्हणून मी अगदी जवळून पाहिलं. ग्रीसमध्ये पितळेचे तुकडे चमकत होते. बेअरिंगच्या गोळ्या ज्या कड्यात बसतात, ते कडंच फुटलं होतं.

मोठ्या मेकॅनिकने एक तुकडा बोटावर घेतला. “अजून आठ-दहा दिवस चाललं असतं,” तो म्हणाला. “मग मोटर एकदम जाम झाली असती. आत कोण असतं कुणास ठाऊक.”

आत कोण असतं, ते लिफ्टवालीला ठाऊक होतं. रोज सकाळी साडेसहाला आत कोण असतं.

सातव्या दिवशी नवं बेअरिंग बसलं. त्याच दुपारी कंपनीचं पत्रही आलं. चुकीच्या सहीबद्दल लेखी ठपका. आणखी एक चूक झाली, तर फिरतीचं काम बंद. साहेबांनी ते तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “वर मी भांडलो. यापेक्षा कमी करता आलं नाही. पण एक मान्य करून घेतलं. उद्यापासून पाटीवर एक चौकोन वाढेल, ‘आवाज ऐकला का?’ आणि त्याची दहा मिनिटं जास्त मिळतील. सगळ्यांना.”

तिने पत्राची घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. रडली नाही, रुसली नाही. “पत्र बरोबर आहे, साहेब,” म्हणाली.

त्यांच्या कामात एक रीत आहे. दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा दुरुस्त करणाऱ्यानेच बसायचं, आणि एकट्याने. ती तीनदा वर गेली, तीनदा खाली आली. चौथ्या वेळी सहाव्या मजल्यावर थांबली. दार उघडलं. बाई जादा तासाला निघायला खुर्चीत तयार होत्या, मांडीवर पेपरांचा गठ्ठा. परीक्षेला चार दिवस राहिले होते.

लिफ्टवाली लिफ्टच्या दारात उभी राहिली, बाजूला झाली नाही. “बाई, आधी एक सांगायचंय. मागच्या महिन्यात हे बेअरिंग बिघडलेलंच होतं. मी नीट ऐकलं नाही आणि ठीक म्हणून सही केली. तुम्ही रोज त्यातून जात होतात. चूक माझी होती. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायला धीर झाला नाही.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चुकलेलं गणित आणि चुकलेलं पोर दोन्ही ज्यांनी आयुष्यभर पाहिलंय, त्यांची नजर फार लांबची असते.

“आता कुणाची सही आहे?” त्यांनी विचारलं.

“माझीच.”

“कान लावलास?”

“तीनदा.”

“मग हो बाजूला,” बाई म्हणाल्या. “मला उशीर होतोय.” आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवून खुर्ची आत घेतली.

मित्रांनो, आता माझी बॅटरी फुगायला लागली आहे, आणि फुगलेली बॅटरी जवळ ठेवणं धोक्याचं असतं. चाळीस लिफ्टांचे आवाज माझ्यातून काढून पाटीत भरले आहेत. काल ते काम संपलं. येत्या आठवड्यात मला जुनी यंत्रं घेणाऱ्या केंद्रात देतील. तिथे माझ्यातलं तांबं वेगळं होईल, काच वेगळी होईल. मला त्याचं दुःख नाही. तुमच्याकडचे जुने फोनही केराच्या टोपलीत टाकू नका, असेच योग्य हाती द्या, एवढी माझ्या जातभाईंसाठी विनंती.

आणि एक विनंती तुमच्यासाठी. आमच्यावर काम सोपवा, खुशाल सोपवा. आम्ही उजेड देऊ, वाट दाखवू, हजार आवाज जपून ठेवू. पण आमच्यातल्या कुणालाही ‘मी चुकलो’ असं म्हणता येत नाही. मला नऊ वर्षांत आलं नाही, पाटीला येत नाही, आणि माझ्यानंतर जे येतील त्यांनाही येईल असं वाटत नाही. ते एवढं एक काम अजून तुमच्याकडेच आहे. ते कुणावर सोपवू नका.